दारव्ह्याचे जोडविमान

परदेशातून यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला पोहोचायला बहुधा दोन विमाने आणि एक बोलेरो लागते. बोलेरो थांबते, विमाने थांबत नाहीत. पहिल्या विमानातून उतरून दुसऱ्यात चढायला मध्ये किती वेळ ठेवावा, या प्रश्नाचा सगळा गुंता एवढ्या फरकात आहे. तिकीट काढणारा मुलगा न्यू जर्सीत बसून पावणेदोन तास पुरतील म्हणतो, वडील दारव्ह्यात बसून "तीन घंटे तितं काय माशा मारत बसशीन?" असे विचारतात, आणि दोघांचे एकमत होते. बापलेकांचे एकमत ही या विषयातली दुर्मिळ आणि सर्वांत धोक्याची अवस्था होय.

वडिलांच्या आत्मविश्वासाला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अडीच फुटी रुळांची गाडी टाकली. लोक पुढे तिला शकुंतला म्हणू लागले. ती टाकली होती वऱ्हाडच्या कापसासाठी. दारव्ह्याच्या गाठी छोट्या गाडीने मूर्तिजापूरला जात, तिथे मोठ्या गाडीत चढत, मुंबईला बोटीत चढत आणि मँचेस्टरला उतरत. दारव्ह्याहून परदेशी गेलेला पहिला प्रवासी अशा रीतीने कापूस ठरतो, आणि त्याने वाटेत दोनदा वाहन बदलले. त्याला कोणी पासपोर्ट विचारला नाही. मूर्तिजापूरच्या फलाटावर चार दिवस जास्त पडून राहावे लागले तरी त्याने घरी फोन केला नाही. उलट दिशेने मँचेस्टरहून १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन आले. त्याने १९२३ पासून १९९४ पर्यंत ही गाडी ओढली, म्हणजे नोकरीत सत्तर वर्षांहून अधिक काढली, आणि मगच डिझेलला जागा दिली.

शकुंतलेचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास होता. असल्या गाडीच्या प्रवाशाला गाडी चुकते हे समजते, पण पटत नाही. सुटलेली गाडी दमदार सायकलस्वाराला पुढच्या स्टेशनावर गाठता येण्यासारखी असते. त्यात दारव्हा-मोतीबाग स्टेशनावरून पुसदकडे एक फाटाही निघत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचे रूळ काढून नेले गेले. गाव म्हणजे काही वर्षे जंक्शनही होते. गाडी बदलण्याचा अनुभव आपल्याला नाही, असे दारव्हेकराला कोणी सांगू शकत नाही. अनुभव आहे. फक्त तो थांबणाऱ्या गाड्यांचा आहे.

विमानांच्या बाबतीतही विदर्भाची सवय सुरुवातीलाच बिघडली. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून विमाने रात्री निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि जो तो आपल्या गावी परत जाई. चौघे आल्याशिवाय अदलाबदल पुरी होणार नाही, हे त्या व्यवस्थेच्या रचनेतच होते. जोडविमानाची याहून सुसंस्कृत कल्पना जगात फारशी सापडत नाही. ही सेवा १९७३ मध्ये बंद पडली. आजची विमाने एकमेकांकडे ढुंकून पाहत नाहीत.

आता प्रत्यक्ष नियम. परदेशातून येणारा प्रवासी भारतात ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरतो, तिथेच त्याचे इमिग्रेशन होते. काही मोजके अपवाद सोडले तर सामानही तिथेच पट्ट्यावरून उचलावे लागते, कस्टममधून न्यावे लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा स्वाधीन करावे लागते. बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवर नागपूर छापलेले असले तरीही. बहुतेक घोटाळे या चिठ्ठीपासून सुरू होतात. नेवार्कच्या काउंटरवरची बाई हसून "नागपूरपर्यंत" म्हणते, प्रवासी खूश होतो, मुंबईत रिकाम्या हाताने पुढे निघतो, आणि त्याच्या दोन बॅगा पट्ट्यावर प्रदक्षिणा घालत राहतात.

मुंबईत उतरलेल्या माणसाचा वेळ कसा जातो तो क्रमाने पाहावा. चाके धावपट्टीला लागली म्हणजे विमान पोहोचले असे नव्हे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. विमान आधी आकाशात रांगेत असते आणि मग जमिनीवर. दार उघडून आपली पाळी येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे. त्यातही पट्टा सोडायच्या दिव्याआधीच उठून, मान वाकडी करून, डोक्यावरच्या कप्प्याखाली उभे राहणाऱ्यांना जराही लवकर उतरता येत नाही. त्यांची फक्त मान दुखते. इमिग्रेशनला नशीब बरे असेल तर वीस मिनिटे, आखाती देशांतली तीन-चार विमाने एकाच वेळी रिती झाली असतील तर तास-दीड तास. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आणि ओसीआय कार्डवाल्यांसाठी जलद इमिग्रेशनची योजना २०२४ मध्ये दिल्लीत आणि २०२५ मध्ये मुंबईसह आणखी काही विमानतळांवर सुरू झाली आहे. आधी नोंदणी केलेला माणूस स्वयंचलित फाटकातून निघतो. नोंदणी करायची मात्र घरून, आणि निघायच्या आदल्या रात्री नव्हे.

यानंतर सामान, अर्धा-पाऊण तास. बॅगा एकामागोमाग येतील अशी अपेक्षा कोणी धरू नये. पहिली सातव्या मिनिटाला येते आणि दुसरी एकेचाळिसाव्या. सगळ्या बॅगा काळ्या असल्याने ओळखीसाठी प्रत्येकाने हँडलला लाल चिंधी बांधलेली असते, आणि म्हणून सगळ्या बॅगांना लाल चिंधी असते. कस्टममध्ये हिरव्या वाटेने जाणाऱ्यालाही बॅग यंत्रातून काढायला सांगू शकतात. यंत्रात पाच किलो बदाम, नऊ अत्तराच्या बाटल्या आणि सगळ्या भाच्यांसाठी एकाच मापाचे बूट दिसले की अधिकाऱ्याला उत्सुकता वाटणे साहजिक आहे. त्यापुढे सामान परत देण्याचा काउंटर, त्यापुढे सुरक्षा तपासणी, आणि तिथे लॅपटॉप, चार्जर, पट्टा, नाणी आणि आईने दिलेली तांब्याची बाटली हे सगळे वेगवेगळ्या ट्रेमध्ये.

ही बेरीज अडीच तासांच्या आत क्वचित बसते. त्यातून देशांतर्गत विमानांचे सामानाचे काउंटर सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतात आणि गेट वीस-पंचवीस मिनिटे आधी. म्हणजे कागदावर दोन तासांचे अंतर असेल तर बॅग असलेल्या माणसाच्या हाती प्रत्यक्षात एकच तास उरतो. जोडविमानाच्या हिशेबात सर्वांत जास्त फसवणारी वजाबाकी हीच, कारण दुसरे विमान सुटते केव्हा ते सर्वांना पाठ असते. त्याचे काउंटर बंद होते केव्हा ते कोणी पाहत नाही.

विमान कंपन्या आणि विमानतळ यांनी मिळून प्रत्येक ठिकाणासाठी जोडणीचा किमान वेळ ठरवलेला असतो. एकाच तिकिटावर याहून कमी अंतर संगणक विकत नाही. पण किमान म्हणजे पुरेसे नव्हे. हा वेळ ज्याच्यासाठी पुरतो तो मनुष्य एकटा असतो, त्याला रस्ता माहीत असतो, तो वाटेत चहा पीत नाही आणि त्याच्यासोबत दोन मुले, एक सासू आणि गिटार नसते. सहकुटुंब माणसाने मुंबईत एका तिकिटावर, एकाच टर्मिनलमध्ये, तीन ते चार तास धरावेत. तिकिटे वेगळी असतील तर पाच. इथे काटकसर करणारे दीड तास वाचवतात आणि चोवीस तास घालवतात.

तिकीट एक की दोन, हा भेद दारव्ह्यात अजून पुरता पोहोचलेला नाही. एकाच पीएनआरवर दोन्ही विमाने असतील आणि पहिल्याला उशीर झाल्याने दुसरे हुकले, तर पुढच्या विमानात बसवून देणे कंपनीचे काम असते. नेवार्क–मुंबई एका ठिकाणी आणि मुंबई–नागपूर दुसऱ्या ठिकाणी स्वस्त मिळाले म्हणून वेगवेगळी काढली, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने हा प्रवासी परदेशातून आलेलाच नाही. तो अंधेरीहून रिक्षाने आला आणि उशिरा आला. शिवाय अमेरिकेहून येणाऱ्याला पुष्कळदा तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आणता येतात, आणि देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा पंधरा किलो चालतात. उरलेल्या एकतीस किलोंची वाटाघाट काउंटरवर उभ्या उभ्या होते. ती वाटाघाट आणि तिचे पैसे, दोन्ही वेळापत्रकात धरावेत.

टर्मिनल बदलणे हे स्वतंत्र संकट आहे. परदेशी विमाने सहारच्या टर्मिनल दोनवर येतात. काही देशांतर्गत विमाने तिथूनच सुटतात, काही सांताक्रूझच्या टर्मिनल एकवरून. दोन्ही एकाच विमानतळाची टर्मिनले असली तरी मधला रस्ता मुंबईचा आहे. दिल्लीत टर्मिनल तीन आणि टर्मिनल एक यांच्यातही असाच काही किलोमीटरांचा रस्ता पडतो, आणि डिसेंबर-जानेवारीत त्यावर धुके असते. २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर तिथून प्रवासी विमाने सुटू लागली. त्यामुळे आता सहारला उतरून नवी मुंबईहून नागपूरचे विमान पकडण्याची सोयही उपलब्ध झाली आहे. तिकिटाच्या यादीत दोन्हीकडे 'मुंबई' वाचून स्वस्त ते घेणाऱ्याला मध्ये मुंबई आणि खाडी दोन्ही ओलांडाव्या लागतात. पावसाळ्यात हे काम जहाजाने केले तर बरे, असे वाटण्याजोगे प्रसंग येतात.

तारखांचा घोळ वेगळाच. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. विमान कंपनीचा मध्यरात्री. पंधरा तारखेच्या ००:४० चे विमान म्हणजे चौदा तारखेची रात्र, हे ज्या घरात तिथी सूर्योदयाची धरतात तिथे पटवायला वेळ लागतो. पंधराला संध्याकाळी देवाला नमस्कार करून निघालेली मंडळी विमानतळावर पोहोचतात तेव्हा त्यांची जागा आदल्या रात्रीच रिकामी उडून गेलेली असते. उलट प्रकारही होतो. नेवार्कहून चौदाला निघालेले विमान पंधराला रात्री मुंबईत उतरते, आणि मुलाने नागपूरचे तिकीट पंधराच्या पहाटेचे काढलेले असते. भारत तिथल्या घड्याळाच्या उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतो. मुलगा तेवढे तास विसरतो. अशा जोडणीत मधला वेळ उणे सोळा तास येतो. संगणक एकाच तिकिटावर हे करू देत नाही. दोन वेगळी तिकिटे काढणाऱ्याला कोणी अडवत नाही.

काही वेळा माणूस धावतपळत दुसरे विमान पकडतो आणि बॅग मागे राहते. पूर्वी मुहूर्त साधण्यासाठी प्रस्थान ठेवत: माणूस घरीच, गाठोडे शेजाऱ्याकडे. विमान कंपन्या हेच मुहूर्त न पाहता करतात, फक्त उलट्या बाजूने: माणूस नागपुरात, बॅग मुंबईत. त्यासाठी औषधे, चाव्या, कागदपत्रे आणि एक कपड्यांचा जोड हातात ठेवावा. लग्नाला येणाऱ्याने सूटही हातात ठेवावा. मांडवात ट्रॅक पँट घालून उभा असलेला नवरदेवाचा भाऊ फोटोंत कायमचा राहतो.

वृद्ध आईवडिलांचा प्रवास बहुतेक उलट दिशेने असतो, आणि तिथेही नियम तोच. अमेरिकेत ज्या शहरात पहिले पाऊल पडते तिथे इमिग्रेशन, सामान, कस्टम आणि पुन्हा सुरक्षा तपासणी होते, मुलगा पुढच्या शहरात असला तरी. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांची गोष्ट निराळी: तिथे २०१४ पासून अमेरिकेची तपासणी अबू धाबीतच उरकते आणि माणूस अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशासारखा उतरतो. म्हणजे वेळ तिकडे वाचतो आणि इकडे जातो. अबू धाबीत दोन तासांची जोडणी घेणारा त्या रांगेत उभा राहून आपले अमेरिकेचे विमान काचेतून पाहतो. दोह्यात किंवा दुबईत केवळ विमान बदलायचे असेल तर सामान उचलावे लागत नाही, फक्त सुरक्षा तपासणी होते. पण गेट शोधायला चालावे इतके लागते की सकाळचा फेरफटका वेगळा मारायची गरज उरत नाही.

वृद्धांसाठी व्हीलचेअर मागावी, असे सगळे सांगतात. सल्ला योग्य आहे. पायांसाठी जितका, त्याहून जास्त भाषेसाठी: खुर्ची ढकलणाऱ्याला रस्ता माहीत असतो, रांगेत पुढे जायची वेगळी वाट असते आणि फॉर्म भरायला माणूस मिळतो. म्हणूनच दारव्ह्यात रोज पहाटे पाच किलोमीटर चालणारे काकाजी विमानतळावर खुर्चीत बसलेले आढळतात. खुर्चीचा एकच दोष आहे. विमानातून खुर्चीवाले शेवटी उतरतात, आणि भारताकडे येणाऱ्या विमानात खुर्च्या मागणारे पुष्कळ असल्याने खुर्चीसाठीही रांग लागते. तेव्हा खुर्ची मागितली तर मधला वेळ कमी करू नये. उलट अर्धा तास वाढवावा.

बॅगेतला खाऊ हा वेळ खाणारा घटक आहे. जवसाची चटणी, लोणचे, कुरडया, सरगुंडे आणि शेजारच्यांनी त्यांच्या मुलासाठी दिलेला, आत काय आहे ते न सांगितलेला डबा. अमेरिकेत खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. जाहीर केले तर बहुतेक वाळवण जाते, लपवले तर दंड होऊ शकतो. मात्र कुरडई म्हणजे काय, हे गणवेशातल्या माणसाला समजावायला लागणारा वेळ कोणत्याही वेळापत्रकात धरलेला नसतो. "ते तळल्यावर फुगते" या खुलाशाने संशय कमी होत नाही.

इतके ऐकल्यावर काहीजण घाबरून अकरा-बारा तासांचे अंतर ठेवतात. त्याचेही दुष्परिणाम आहेत, आणि ते विमानतळाच्या बाहेर आहेत. मराठी कुटुंबाची मुंबईत एक तरी मावशी असते, बहुधा डोंबिवलीत. सहा तासांहून जास्त अवकाश असेल तर तिला कळवणे भाग पडते. कळवले तर ती जेवायला बोलावते, जेवणानंतर "दोन घटका पड" म्हणते, आणि परतीच्या रस्त्यावर वाहने तुंबलेली असतात. न कळवले तर व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवरून तिला नंतर कळतेच. थोडक्यात, कळवले तर विमान चुकते, न कळवले तर नाते. यावर उपाय म्हणून रात्री उतरून पहाटे निघणारी जोडणी घ्यावी. रात्री दीड वाजता मावशीला कोणी उठवावे अशी अपेक्षा मावशीचीही नसते.

मुंबई-दिल्ली टाळायची वाटही आहे. नागपूरला दोहा आणि शारजा येथून थेट विमाने येत आलेली आहेत. त्या वाटेने इमिग्रेशन, सामान आणि कस्टम नागपुरातच होते आणि पुढे विमानच नसल्याने चुकायला काही उरत नाही. तिसरी वाट रस्त्याची. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर सलग खुला झाला. कारंजाजवळ उतरून दारव्हा गाठता येते. नागपूरचे विमान चुकलेला माणूस हताश होऊन दुसऱ्या दिवसाच्या तिकिटाचा भाव पाहत असतो, तेवढ्या वेळात गाडी करून निघालेला नाशिक ओलांडतो. मात्र चौदा तास विमानात बसून आलेल्याने स्वतः चालवू नये. हा रस्ता सरळ आहे, आणि सरळ रस्त्यावर झोप लवकर लागते.

विमान चुकलेच तर एक तिकीट असणाऱ्याने थेट कंपनीच्या काउंटरवर जावे आणि मगच घरी फोन करावा. उलट क्रम लावला तर पहिली पंचवीस मिनिटे "पन कसं काय चुकलं?" याचा खुलासा करण्यात जातात, तोवर पुढच्या विमानातल्या जागा संपतात. घरच्यांना उशिराची बातमी देण्यात तसाही अर्थ नसतो; ती मंडळी तोवर नागपुरात पोहोचलेली असतात. ज्यांनी मुंबईत पावणेदोन तास पुष्कळ झाले असे सांगितले, तेच दारव्ह्याहून चार तास लवकर निघालेले असतात, वाटेत पंक्चर झाले तर म्हणून. एका माणसाला घ्यायला नऊजण आलेले असतात, त्यामुळे चार बॅगा कुठे ठेवायच्या हा प्रश्न पार्किंगमध्ये सुटतो, आणि तो सुटायलाही तीस मिनिटे लागतात.

नागपूर ते दारव्हा हा शेवटचा टप्पा यवतमाळवरून साधारण एकशे नव्वद किलोमीटरचा आहे. शकुंतला आता धावत नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गात दारव्हा येते. त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. रूळ दारव्ह्यापर्यंत पोहोचले की वर्ध्याला गाडी बदलण्याचा वेळही या हिशेबात धरावा लागेल. तूर्त रस्त्याने चार तास धरावेत. यवतमाळला आत्याकडे फक्त पाच मिनिटे डोकावायचे असेल, तर सहा.